सिंकखालची गळती : आधी शोध, मग पान्हा

या पानावर सहसा कर्ज, परवाने, भागीदारी अशा मोठ्या विषयांची चर्चा होते. आज आम्ही एक लहान विषय घेत आहोत. स्वयंपाकघरातील सिंकखाली पाणी गळते, ते नेमके कोठून गळते हे कसे शोधावे आणि कसे बंद करावे, हा तो विषय. विषय लहान असला तरी त्यात अनेकांची रोजी गुंतलेली आहे. नळकाम करणारे आपले बांधव शहराशहरांत आहेत. हार्डवेअरची दुकाने चालविणारे आहेत, ओट्याखालची कपाटे बनविणारे सुतार आहेत. खानावळ, बेकरी किंवा चहाचे हॉटेल चालविणाऱ्यांना तर सिंकशिवाय एक दिवस काढता येत नाही. आणि घर तर प्रत्येकालाच आहे.

या कामात सर्वांत अधिक चूक कोठे होते? पान्हा चालविण्यात नव्हे, तर शोधण्यात. पाणी जेथे टपकते तेथेच ते गळत असते, असे समजून काम सुरू केले की पैसा जातो, वेळ जातो आणि कारागिराची पतही जाते.

एक पाहिलेली गोष्ट

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी तिसऱ्या मजल्यावर सिंकखाली पाणी साचू लागले. पहिल्या कारागिराने पाहिले की वेस्ट पाइपच्या खालच्या वळणावरून थेंब पडत आहेत. त्याने तेथे लांबी थापली आणि मजुरी घेऊन तो गेला. चार दिवसांनी पुन्हा पाणी. दुसऱ्याने वेस्ट पाइपच बदलला. आठवड्याने पुन्हा पाणी. तिसऱ्याने नळ जुना झाला असे सांगून नवा नळ बसविला. तरीही कपाटाचा तळ ओला तो ओलाच.

दरम्यान खालच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षकांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली आणि पोपडे धरले. ते दोनदा वर येऊन सांगून गेले. तिसऱ्यांदा आवाज चढला. वर्षानुवर्षे ईदला शीरखुर्मा आणि दिवाळीला फराळ यांची देवाणघेवाण करणारी ही दोन घरे जिन्यात समोरासमोर आली तरी मान वळवू लागली.

शेवटी एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. सर्वजण त्यांना चाचा म्हणतात. योगायोगाने आम्ही त्या दिवशी तेथे होतो. चाचांनी पिशवीतून पान्हा काढलाच नाही. जुनी बनियन आणि टॉर्च काढली. कपाट रिकामे करविले, सारे पाइप पुसून कोरडे केले आणि ते खाली पालथी मांडी घालून बसले. घरमालक म्हणाले, "चाचा, थेंब तर खालून पडतो आहे, तुम्ही वर काय बघता?" चाचा म्हणाले, "भाई, पाणी वरून खाली येतं. खाली बघून काय मिळणार?"

दहा-बारा मिनिटांनी भिंतीतील अँगल कॉकच्या मागच्या आट्यांवर पाण्याची एक बारीक रेघ चमकली. तेथून पाणी कनेक्शन पाइपच्या विणीवर उतरत होते, पाइपच्या झोकावरून वेस्ट पाइपला चिकटून खाली घसरत होते आणि सर्वांत खालच्या वळणावरून टपकत होते. लांबी, वेस्ट पाइप आणि नळ यांपैकी कशाचाच त्यात दोष नव्हता. आट्यांवरची टेप तेवढी निकामी झाली होती.

ही गोष्ट एकट्या त्या घराची नाही. म्हणून शोधाची रीत येथे क्रमाने देत आहोत.

सिंकखालचे पाणी तीन वाटांचे

सिंकखाली पाणी येण्याच्या मुख्य वाटा तीन असतात. पहिली वाट येणाऱ्या पाण्याची. भिंतीतील लाइन, अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि नळ हा तिचा मार्ग. यात पाणी सतत दाबाखाली असते. दुसरी वाट जाणाऱ्या पाण्याची. सिंकची जाळी, म्हणजे वेस्ट कपलिंग, तिच्याखालची चाकी, वेस्ट पाइप, असल्यास बॉटल ट्रॅप आणि शेवटी जमिनीतील नहाणी ट्रॅप. येथे दाब नसतो, वापर असेल तेव्हाच पाणी असते. तिसरी वाट ओट्यावरची. भांडी घासताना उडालेले पाणी सिंकची कड आणि दगड यांच्या फटीतून खाली उतरते, किंवा नळाच्या बुडातून झिरपते.

अलीकडे अनेक घरांत चौथीही वाट असते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची बारीक नळी अँगल कॉकवरून निघते आणि त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याची दुसरी नळी सिंककडे येते. या नळ्यांचे जोड दाबून बसविलेले असतात. नळीचे तोंड तिरके कापलेले असेल किंवा नळी पूर्ण आत गेली नसेल, तर तेथून गळते.

पाण्याकडे पाहूनही अर्धा तपास होतो. स्वच्छ, वास नसलेले पाणी असेल आणि पितळी जोडावर पांढरा क्षार किंवा हिरवट थर धरला असेल, तर बहुधा येणाऱ्या पाण्याची गळती आहे. हा थर म्हणजे हळूहळू पाझरून वाळलेल्या पाण्याची खूण होय. तेलकट, वास मारणारे, काळसर बुळबुळीत पाणी असेल तर जाणाऱ्या वाटेकडे वळावे.

केव्हा गळते, हे आधी विचारा

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी दुखणे विचारतो, तसे कारागिराने हत्यार काढण्यापूर्वी घरातील बाईमाणसांना विचारावे. सिंकजवळ त्याच दिवसभर असतात, त्यांना अधिक ठाऊक असते.

नळ बंद असतानाही रात्रभर पाणी साचते का? मग दोष येणाऱ्या लाइनवर आहे. इमारतीवर टाकी असेल तर ही गळती चोवीस तास चालते. नळ थेट नगरपालिकेच्या लाइनवर असेल तर पाणी सुटण्याच्या वेळेतच ती दिसते. हा फरक लक्षात न आल्याने कारागीर दुपारी येतो, सारे कोरडे पाहून परत जातो, आणि पहाटे पाणी आले की पुन्हा गळती सुरू होते.

नळ सोडल्यावरच गळते का? तर नळाची मान, नळाचे बूड किंवा जाणारी वाट पाहावी. सिंक भरून एकदम सोडल्यावर गळते का? तर वेस्ट पाइपचे जोड किंवा तुंबलेला ट्रॅप. ओटा धुतल्यावरच गळते का? तर सिंकची कड. यंत्र चालू असतानाच गळते का? तर यंत्राच्या नळ्या.

शोधाची रीत

पहिली पायरी, कपाट पूर्ण रिकामे करावे. आत विजेचा प्लग असेल तर आधी त्याचे बटण बंद करावे. पाणी आणि वीज एका कपाटात असताना घाई करू नये.

दुसरी पायरी, सर्व पाइप, चाक्या आणि भिंत कोरड्या कापडाने पुसून घ्यावी. मग तळावर कोरडा कागद अंथरावा. मात्र रद्दीतील कागद घेताना त्यावर आयत किंवा अल्लाहचे नाव छापलेले नाही ना, हे पाहून घ्यावे. साधा तपकिरी कागद सर्वांत बरा. त्यावर पडलेला पहिला थेंब लगेच दिसतो.

तिसरी पायरी, येणाऱ्या वाटेची परीक्षा. नळ बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवावा, वरून सुरुवात करून खाली यावे. जो सर्वांत वरचा जोड कागद ओला करतो, तोच गुन्हेगार. खालचे जोड ओले असले तरी त्यांना हात लावू नये. आता अँगल कॉक बंद करून सारे पुन्हा पुसावे. गळती थांबली तर दोष अँगल कॉकच्या पुढे, म्हणजे कनेक्शन पाइप किंवा नळात आहे. थांबली नाही तर दोष अँगल कॉकमध्येच, त्याच्या मागच्या आट्यांत किंवा भिंतीतील लाइनवर आहे.

चौथी पायरी, बादलीची परीक्षा. अँगल कॉक बंदच ठेवावा. जाळीला बुच लावून बाहेरून आणलेले बादलीतले पाणी सिंकमध्ये ओतावे आणि त्यात चिमूटभर नीळ टाकावी. पंधरा मिनिटे थांबावे. खाली निळा थेंब दिसला तर जाळीखालचा वायसर गेला आहे. दिसला नाही तर बुच काढून सारे पाणी एकदम सोडावे. आता निळे पाणी जेथे सर्वांत वर दिसेल, तो जोड धरावा. नळाचे पाणी वापरले असते तर नळ गळतो की वेस्ट, हे कळले नसते. बादलीमुळे दोन्ही वाटा वेगळ्या होतात.

पाणी सोडल्यावर वेस्ट पाइपच्या जमिनीतील तोंडाशीही पाहावे. तेथून पाणी उलटे वर येत असेल तर ती गळती नव्हे, तुंबण आहे. नहाणी ट्रॅपमध्ये भाताची शिते, चहाचा चोथा आणि थिजलेले तूप साचले की असे होते. तेथे चाकी आवळून काही उपयोग नाही, ट्रॅप साफ करावा लागतो.

पाचवी पायरी, ओट्याची परीक्षा. सिंकच्या कडेने आणि नळाच्या बुडाभोवती तांब्याने हळूहळू पाणी सोडावे. एक बाजू झाली की थांबून खाली पाहावे, मग दुसरी बाजू घ्यावी. चारही बाजूंनी एकदम पाणी ओतले तर कोणती कड फुटली हे कळणार नाही.

सर्व मिळून यास अर्धा-पाऊण तास लागतो. तो कामाचाच भाग आहे, असे कारागिराने आणि गिऱ्हाइकानेही मानावे.

दुरुस्ती : जेथे दोष तेथेच हात

अँगल कॉकचे आटे. वरची लाइन बंद करावी. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगावे. नळ उघडून लाइनमधले उरलेले पाणी काढून टाकावे. कॉक काढला की आट्यांवरची जुनी टेप, सुतळी आणि सफेदा खरवडून काढावा. जुन्यावर नवे चढविणे हा आळशीपणा आहे, तो टिकत नाही. टेफलॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर कॉक फिरविताना ती सुटत जाते. लोखंडी जीआय पाइपाला सुतळी आणि सफेदा अजूनही चालतो. पण सीपीव्हीसी फिटिंगला तो वापरू नये. सुतळी पाणी पिऊन फुगते, वरून पान्ह्याचा जोर पडतो आणि फिटिंगला तडा जाऊ शकतो. तेथे टेपच बरी, आणि जोर बेताचा.

कनेक्शन पाइप. याच्या चाकीत रबरी वायसर असतो, पाणी तोच अडवितो. आट्यांवर टेपचे वेढे देण्याची येथे गरज नाही. चाकी हाताने घट्ट बसवावी आणि पान्ह्याने थोडीशीच आवळावी. वायसर कडक झाला असेल तर बदलावा. वरची तारेची वीण गंजली असेल, तुटली असेल किंवा पाइप एखाद्या ठिकाणी फुगला असेल तर पाइपच बदलावा. त्यावर चिंधी किंवा टेप बांधून काम भागवू नये. तो फुटला तर थेंब नव्हे, धार लागते आणि घरी कोणी नसेल तर सारे घर पाण्याखाली जाते.

नळ. फिरकीच्या जुन्या नळाच्या दांड्यापाशी पाणी येत असेल तर ग्लँडची चाकी किंचित आवळून पाहावी. त्याने भागले नाही तर आतील पॅकिंग बदलावे. त्यासाठी अख्खा नळ बदलण्याची गरज नसते. नव्या पद्धतीच्या मिक्सर नळात आत कार्ट्रिज असते. ती नेताना जुनी दुकानात सोबत न्यावी, मापात बराच फरक असतो.

जाळी, म्हणजे वेस्ट कपलिंग. खालची चाकी सोडवून जाळी वर काढावी. दगडाला किंवा स्टीलला चिकटलेला जुना मसाला पूर्ण साफ करून जागा कोरडी करावी. वरच्या कडेखाली सिलिकॉनची सलग रेघ द्यावी, खालून नवा रबरी वायसर लावावा. चाकी आवळताना वरून जाळी एकाने धरून ठेवावी. ती फिरली तर वायसर मुरडतो आणि नवे काम पहिल्याच दिवशी गळते.

वेस्ट पाइप आणि ट्रॅप. वळ्यांच्या लवचिक पाइपाला वळणावर बारीक तडे जातात. तो स्वस्त असतो, तडा दिसला की बदलावा. जोडातील वायसर एका बाजूने निमुळता असतो. त्याची निमुळती बाजू आटे असलेल्या तोंडाकडे यावी. उलटा बसलेला वायसर हे न सापडणाऱ्या गळतीचे एक नेहमीचे कारण आहे. बॉटल ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून त्याची वाटी सोडवावी, गाळ काढावा आणि आतील रबरी कडे पाहून घ्यावे. ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम राहतेच. गटाराची दुर्गंधी आणि झुरळे त्या पाण्यामुळे अडतात. तो दोष समजून कोणी ट्रॅपच काढून टाकतात, तसे करू नये.

सिंकची कड. जुने सिलिकॉन पूर्ण कापून काढावे, जागा सुकू द्यावी, मग नवे भरावे. त्यानंतर निदान एक दिवस तेथे पाणी लागू देऊ नये. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. संध्याकाळचा स्वयंपाक तोंडावर असताना हे काम काढू नये.

भिंतीतील लाइन. येथे मात्र वरवरचा उपाय नाही. जुना जीआय पाइप भिंतीत गंजला असेल तर भिंत फोडून तेवढा तुकडा बदलावा लागतो. खर्चाचा अंदाज आधी द्यावा आणि मगच छिन्नी लावावी.

लांबीचा मोह

दोन रंगांच्या गोळ्या मळून लावण्याच्या लांबीला आपले लोक सरसकट एम-सील म्हणतात. ती वाईट वस्तू नव्हे. सुकलेल्या, स्वच्छ जागी, रात्र निभावण्यासाठी तिचा उपयोग आहे. पण वाहत्या जोडावर, ओल्या आणि तेलकट पाइपावर ती थापली की आतून पाणी दुसरी वाट काढते. शिवाय पुढे येणाऱ्या कारागिराला चाकी फिरविता येत नाही, चांगले फिटिंग कापून काढावे लागते. कारण न शोधता लांबी लावणारा कारागीर दोष झाकतो. मालातील दोष झाकून विकणे आपल्या दीनमध्ये व्यापाऱ्याला मना आहे. कामातील दोष झाकणे कारागिराला कसे चालेल?

खालच्या घराचे छत

चाचांनी आटे दुरुस्त केल्यावर घरमालक म्हणाले, "चला, आता खालच्यांचे तोंड बंद झाले." चाचा म्हणाले, "अजून नाही. पेन्सिल द्या." ते घरमालकांना घेऊन खालच्या मजल्यावर गेले. छतावरील ओलीच्या कडेने त्यांनी पेन्सिलने रेघ मारली आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. शिक्षकांना त्यांनी समजावून सांगितले की स्लॅबने पिलेले पाणी एका दिवसात सुकत नाही, त्याला काही आठवडे लागतील. पण ओल या रेघेच्या बाहेर गेली तर दुसरी गळती आहे असे समजून मला बोलवा, मी येईन.

ही साधी रेघ फार उपयोगी आहे. दुरुस्तीनंतरही काही दिवस छत ओले राहते आणि त्यामुळे चांगले काम करूनही कारागीर खोटा ठरतो. रेघ आणि तारीख असली की भांडणाला जागा उरत नाही. रंगकामही ओल पूर्ण सुकल्यावरच करावे, नाहीतर नवा रंग महिन्यात गळून पडतो.

त्या छतावर ओल रेघेबाहेर गेली नाही, हळूहळू आतच आटत गेली. रंगाचा खर्च वरच्या घराने दिला. शेजाऱ्याचा हक्क काय असतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या बाबतीत त्या हक्काची सुरुवात आपले पाणी आपल्या घरात ठेवण्यापासून होते.

मजुरी, टक्का आणि अमानत

आता व्यवहाराचे बोलू. चाचांनी टेपचे पैसे नाममात्र लावले आणि मजुरी तासाभराची घेतली. घरमालकांच्या चेहऱ्यावर क्षणभर नाराजी दिसली, कारण नवी वस्तू काहीच बसली नव्हती. आपल्या गिऱ्हाइकाला वस्तूचे पैसे देणे पटते, शोधाचे देणे जड जाते. म्हणूनच काही कारागीर शोध टाळून वस्तू बदलत राहतात. दोष दोघांचाही आहे.

आमची सूचना अशी की कारागिराने काम हाती घेतानाच दोन आकडे सांगावेत. गळती शोधण्याची मजुरी एवढी, आणि दुरुस्तीची मजुरी दोष सापडल्यावर सांगेन. दोष गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवावा. काढलेला जुना वायसर किंवा पाइप त्याच्या हाती द्यावा. साध्या कागदावर का होईना, पण तारीख, काम आणि रक्कम लिहून द्यावी. काम संपल्यावर नवा कोरडा कागद अंथरून जावे आणि दुसऱ्या दिवशी विचारणा करावी. असा कारागीर इमारतीत एकदा शिरला की त्याला जाहिरातीची गरज राहत नाही.

दुसरी गोष्ट टक्क्याची. काही दुकाने कारागिराने आणलेल्या गिऱ्हाइकामागे त्याला टक्का देतात. गिऱ्हाइकाने विश्वासाने "तुम्हीच सामान आणा" म्हटले की ती अमानत झाली. त्यात गिऱ्हाइकाला न सांगता टक्का घेणे आणि तो मिळावा म्हणून चांगला नळ बदलायला लावणे, यात रोजी स्वच्छ राहत नाही. शरीअतच्या बारकाव्यांसाठी उलेमांना विचारावे. व्यवहाराचा साधा नियम आम्हाला एवढाच दिसतो, की जे गिऱ्हाइकासमोर सांगता येत नाही ते घेऊ नये.

दुकानदार आणि सुतार बांधवांसाठी

हार्डवेअरच्या दुकानदाराने निरनिराळ्या मापांचे वायसर, रबरी कडी आणि ग्लँड पॅकिंग जरूर ठेवावे. यात नफा थोडा असतो, पण वायसरसाठी आलेले गिऱ्हाईक वायसर घेऊन गेले तर पुढे मोठ्या खरेदीसाठीही तेथेच येते. पाइप विकताना भारतीय मानकाची खूण पाहावी. सीपीव्हीसी पाइपासाठी आयएस १५७७८ आणि जीआय पाइपासाठी आयएस १२३९ हे मानक आहे. खुणेशिवायचा माल स्वस्त पडतो, पण तो कोणाच्या तरी भिंतीत जाणार असतो.

सुतार बांधवांना विनंती की ट्रॉली आणि कपाट बनविताना अँगल कॉक आणि ट्रॅप पाठच्या फळीआड बंद करू नयेत. हाताला वाट ठेवावी, काढता येईल अशी फळी लावावी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीस खडकी, म्हणजे पुढील काळातील औरंगाबाद येथे जमिनीखालून नहर आणली. तिच्या मार्गावरही पाहणीसाठी आणि साफसफाईसाठी आत उतरण्याची तोंडे ठेवलेली होती. जमिनीखालचे पाणी आज ना उद्या पाहावे लागणार, हे त्या कारागिरांनी बांधतानाच धरून चालले होते. आपण तर फक्त एका कपाटाचा विचार करायचा आहे.

थेंबाचा हिशेब

शेवटी पाण्याचा हिशेब. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी जाते. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. आजच्या मापाने ते साधारण पाऊण लिटरच्या आत भरते. म्हणजे सिंकखालचा एक सैल जोड रोज पाच वक्तांच्या वुजूइतके पाणी कपाटात सांडतो. मशिदीत नळ सुरू ठेवणाऱ्या मुलाला आपण इसराफ (उधळपट्टी) म्हणून टोकतो. घरी गेल्यावर सिंकखालचे कपाटही उघडून पाहावे.

आज रात्री झोपण्यापूर्वी तेथे एक कोरडा कागद अंथरून ठेवा. सकाळी फज्रनंतर पाहा. कोरडा असेल तर अल्लाहचे आभार माना. ओला असेल तर आधी वरचा जोड शोधा, मग पान्हा हाती घ्या.